हात मांडीखाली

कापसाच्या सीझनमध्ये जिनिंगच्या रस्त्यानं नुसतं चालत गेलं तरी घरी येईपर्यंत कपड्यांना रुई चिकटलेली असते. आपण हात लावलेला नसतो, कोणी मुद्दाम दिलेली नसते. आमच्या सेंटरच्या बाकावरचे किस्से असेच गोळा झाले. आम्ही तिथं किस्से ऐकायला जात नव्हतो, पोरांना घेऊन जात होतो.

सेंटर म्हणजे यवतमाळात एका दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्या आणि पुढे व्हरांडा. मंगळवारी आणि शुक्रवारी नागपूरच्या एसटीनं अर्चना मॅडम यायच्या. माझ्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान. दारावर पाटी होती, ‘ऑक्युपेशनल थेरपी’. कोणी अर्थ विचारला की मॅडम एवढंच सांगायच्या, “आपलं आपण करता यावं, ते शिकवायचं.” खाणं, कपडे घालणं, संडासला जाणं, दार उघडणं. ज्या गोष्टी इतर मुलांना कोणी शिकवल्याचं आठवत नाही, त्या आमच्या मुलांना तिथं शिकाव्या लागत.

व्हरांड्यात एक लांब बाक होता. त्यावर बहुतेक आयाच असायच्या. मी सिंचन खात्यातला कारकून, अर्धी रजा टाकून अनिकेतला घेऊन यायचो. तो तेव्हा सात वर्षांचा होता. बोलायचा कमी, ओल्या वस्तूला हात लावायचा नाही, आणि शर्टाची बटणं म्हटली की आमच्या घरात रोज सकाळी रडारड. बाकावर सगळे मला भाऊ म्हणत.

*

सेंटरचा नियम एकच होता. मुलाची पाळी आली की आईबापानं आत चटईवर त्याच्यासमोर बसायचं आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवायचे. मूल चुको, सांडो, रडो, हात बाहेर काढायचा नाही. कोणाचा निघालाच तर मॅडम ओरडत नसत. नुसतं म्हणत, “हात.”

बाभुळगावजवळच्या एका खेड्यातून शोभा यायची, आठ वर्षांच्या मयुरीला कडेवर घेऊन. मयुरी जन्मली तेव्हा उशिरा रडली होती. हातपाय ताठ, चालताना तोल जायचा, आणि बोलणं म्हणाल तर ‘माय’ आणि ‘पाणी’, तेही आईलाच कळायचं. पहिल्या दिवशी मयुरीनं मुरमुऱ्यांचा चमचा उचलला आणि तो तोंडाऐवजी कानाकडे निघाला. शोभाचा हात आपोआप पुढे झाला.

“शोभाताई, हात.”

शोभानं तो मांडीखाली घातला. पुढचा चमचा कपाळाला लागला. हात पुन्हा बाहेर.

“हात.”

तिसऱ्यांदा झालं तेव्हा शोभा रडकुंडीला आली. “मॅडम, मले समजून राह्यलं सारं. पण माह्या हाताले कान नाहीत ना.”

मॅडम म्हणाल्या, “येतील.”

*

कळंबचे एक आबाजी होते. नातवाला घेऊन यायचे. फेटा, दुमडलेलं धोतर, आवाज मोठा. पहिल्याच दिवशी खोलीत डोकावून त्यांनी बाकावर निकाल दिला, “हा दवाखाना व्हय? इथं तं पोट्टे खेळून राह्यले.”

मग मॅडमनाच विचारलं, “बाई, सुई नाही, गोळी नाही. कायचे डाक्टर तुम्ही? एखादी सुई तं मारा.”

मॅडमनी आतून जाड लोकरीचे दोन मोजे आणि एक शर्ट आणला. मोजे आबाजींच्या हातांत चढवले, शर्ट अंगावर घातला आणि म्हणाल्या, “आबाजी, बटणं लावा.”

आबाजी हसले. मग खटपट करू लागले. बटण सापडायचं तर काज सापडायचं नाही. काज धरलं की बटण सुटायचं. बाक हसू लागला. शोभा म्हणाली, “आबाजी, लवकर करा ना, एसटी निंघते आपली.” त्यावर ते खवळले. “थांब ना वं. करूनच राह्यलो ना.” कपाळावर घाम आला. पहिलं बटण काही लागलं नाही.

शेवटी त्यांनी मोजे काढले आणि मांडीवर ठेवले. नातू समोरच उभा होता, सदरा उघडाच.

“याले रोजच असं होते?” त्यांनी हळूच विचारलं.

मॅडम “हो” म्हणाल्या. त्यानंतर आबाजींनी सुईचं नाव काढलं नाही. उलट तेच बाकावरचे पोलीस झाले. दारातून आत बघायचे आणि मॅडमच्या आधी म्हणायचे, “शोभे, हात.”

*

आत एका मोठ्या टोपल्यात सरकी, म्हणजे कापसाचं बी, भरलेली असायची. तिच्यात मॅडम गोट्या, चाव्या, छोट्या बाहुल्या पुरून ठेवायच्या. मुलांनी न बघता, नुसत्या बोटांनी त्या शोधायच्या. नागपूरला म्हणे यासाठी तांदूळ वापरतात. आमच्याकडे सरकी मिळाली.

अनिकेत टोपल्याजवळ कितीतरी आठवडे नुसता उभा राहायचा. मी मांडीखालचे हात दाबून बसायचो. एके दिवशी त्यानं एक बोट घातलं, काढलं, वास घेतला. पुढच्या खेपेला पूर्ण हात. त्या दिवशी घरी त्यानं पहिल्यांदा वरणभात कालवला. माझी बायको शाळेत शिक्षिका आहे, एरवी बोलणं तिचा व्यवसाय. तिनं नुसतं त्याच्या ताटात आणखी थोडं वरण वाढलं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. एकदा शोभाचा नवरा दिलीप सोबत आला. फार कमी बोलणारा माणूस. दारात उभा राहून त्यानं पोरं सरकीत कोपरापर्यंत हात घालून बसलेली पाहिली आणि म्हणाला, “चाला, इथं तरी आपल्या मालाले गिऱ्हाईक आहे.”

आबाजींनी मान हलवली आणि त्याला बसायला सरकून जागा दिली.

*

अनिकेतला शर्ट स्वतः घालायचा असेल तर घरानं वेळ द्यायला हवा, असं मॅडमनी बजावलं होतं. मदत करायची घाई ही आमची असते, मुलाची नसते. म्हणून रोज सकाळी आम्ही दोघं नवराबायको पलंगावर हात मांडीखाली घेऊन बसायचो. शेजारीण एकदा साखर मागायला आली आणि आम्हाला तसं बघून काही न मागता परत गेली.

एके दिवशी त्यानं सगळी बटणं लावली. एक वरखाली झालं होतं, पण लावली सगळी. मला ऑफिसात पोचायला उशीर झाला. साहेबांनी बोलावून कारण विचारलं.

“मुलानं शर्ट घातला, सर.”

“बरं,” साहेब म्हणाले. “त्यात काय?”

मी जागेवर जाऊन बसलो. त्यात काय, हे सांगायला सकाळपासून सुरुवात करावी लागली असती.

*

मयुरीला चमचा धरता येईना. बारीक दांडी तिच्या मुठीतून निसटायची. मॅडमनी चमच्याची मान वाकवली आणि दांडीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती जाड केली. चमचा मुठीत बसला. शोभानं तो घरी नेला.

पुढच्या खेपेला दिलीपनं एक पिशवी पाठवली, मॅडमना दाखवायला. तिच्यात कंगवा, दात घासायचा ब्रश, पाण्याचा मग. सगळ्यांच्या दांड्यांना ट्यूब गुंडाळलेली. शोभा तक्रार केल्यासारखं सांगत होती, “घरात आता काही सुधं राह्यलं नाही, मॅडम. संडासापाशी बांबू रोवला तिले धरासाठी. दाराची कडी खाली घेतली, तिले दोरी बांधली. म्हणते, पोरीचा हात पोहोचला पायजे. माह्या लाटण्याले बी गुंडायत होता, म्या हिसकून घेतलं.”

त्याच्या नंतरच्या शुक्रवारी ती रागानं लाल होऊन आली.

“मॅडम, लय वांधा झाला. बकऱ्या देल्या सोडून. शेजारच्याची तूर खाल्ली साऱ्यायनं. अख्खं गाव जमा झालं आमच्या दारात, माही जाऊ म्हणे, घ्या, पाठवा आणखी यवतमाळले.”

“कोणी सोडल्या?”

“हिनंच. कडी काढली, बाहीर गेली, अन गोठ्याचं फाटक उघडलं.”

मॅडमनी हातातली वही खाली ठेवली. “एकटीनं?”

आदल्या दिवसापासून शोभा बकऱ्यांचा, तुरीचा, शेजाऱ्याचा आणि जावेचा विचार करत होती. हा विचार तिला आत्ता शिवला.

“एकटीनंच जी,” ती म्हणाली आणि मटकन बाकावर बसली.

*

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते मला आणि आबाजींना एका मंगळवारी कळलं. बाक जवळजवळ रिकामाच होता. त्या वर्षी कापसावर लाल्या रोग आला होता, फुलसावंगीकडून येणाऱ्या दोघी आया यायच्या बंद झाल्या होत्या. मॅडम मात्र त्यांच्या पोरांची खेळणी नेहमीसारखी काढून ठेवायच्या.

शोभा म्हणाली, “यंदा घरचं काही निंघणार नाही. लोकाच्या वावरात कापूस येचाले जा लागते, दिवस निंघाल्यापासून.”

आबाजी म्हणाले, “मंग पोरगी?”

“सासू होती तवा सासू पाहे. मागच्या वर्षी सासू गेली.” तिनं मयुरीचा फ्रॉक नीट केला. “मागच्या सीझनले म्या तिले लुगड्यानं बाजेले बांधून जावो. पाणी ठेवो जवळ. संध्याकाळी आली का सोडो.”

आबाजींनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

“गावात शाळा आहे. हेडमास्तर माणूस चांगला आहे, तो काही वाईट बोलला नाही. म्हणाला, बाई, मी एकटा अन एक मॅडम, चार वर्ग. तुही पोरगी आपल्या हातानं खिचडी खात असन, आपली आपण बाहीर जाऊन येत असन, तं बसू दे वर्गात. नाही तं माह्याच्यानं होत नाही. दिवाळीनंतर एक दिवस आण म्हणे, पाहू.” तिनं पदरानं मयुरीचं तोंड पुसलं. “बाहीर जाते ते आता, बांबू धरून. खाण्याचं राह्यलं.”

आतून मॅडमनी मयुरीला हाक मारली. शोभा उठली, आत जाऊन चटईवर बसली आणि कोणी न सांगता दोन्ही हात मांडीखाली घातले. त्या दिवसापासून तिच्या हातांना कान फुटले असं म्हणायला हरकत नाही. मयुरीचे चमचे कानाला लागले, हनुवटीला लागले, फ्रॉकवर सांडले. कधीकधी तोंडातही गेले. ते हात काही बाहेर आले नाहीत.

*

दिवाळीनंतरच्या त्या दिवशी मॅडमना शाळेत जायचं होतं आणि सकाळची बाभुळगावची एसटी आलीच नाही. मी स्कूटरवरून त्यांना घेऊन गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणी सुरू झाली होती.

शाळेच्या व्हरांड्यात पोरं दोन ओळींत खिचडीला बसली होती. मयुरी कडेला होती. पुढ्यात उंच काठाची थाळी, मुठीत काळी ट्यूब गुंडाळलेला वाकडा चमचा. हेडमास्तरांनी आम्हाला फाटकाशीच थांबायला सांगितलं. आईला पाहिलं की ती आईचीच वाट पाहील, म्हणाले. ते बरोबरच होतं. शोभा फाटकाजवळ जमिनीवर बसली. मुरूम टोचत असणार, पण तिचे हात मांडीखाली होते.

पहिला चमचा फ्रॉकवर सांडला. दुसरा अर्धा तोंडात गेला, अर्धा गळ्यावर ओघळला. शेजारची मुलं खाणं सोडून बघू लागली. एक जण हसला. मयुरीनं तिसरा भरला. हात थरथरायला लागला आणि चमचा थाळीच्या काठाला लागून उपडा झाला.

हेडमास्तर खरंच चांगला माणूस. त्यांच्यानं ते बघवेना. ते जवळ गेले, वाकले आणि चमच्याला हात घालत म्हणाले, “राहू दे बाळा. आण इकडं, मी भरवतो.”

मयुरीनं चमचा सोडला नाही. तिनं मान वर केली. ओठ हलले, जबडा एकीकडे ओढला गेला, गळ्याच्या शिरा ताणल्या. आवाज यायला फार वेळ लागला. पण आला तेव्हा फाटकापर्यंत स्वच्छ ऐकू आला.

“हात.”

हेडमास्तर तसेच वाकलेले राहिले. त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मग त्यांची नजर फाटकाशी बसलेल्या शोभाकडे गेली आणि तिच्या मांडीखालच्या हातांवर थांबली.

मग त्यांनी चमच्यावरचा हात काढला. चपला बाजूला सारल्या, पांढऱ्या पँटची पर्वा न करता मयुरीसमोर फरशीवर मांडी घातली आणि आपले दोन्ही हात मांडीखाली घेतले.

मयुरीनं चमचा पुन्हा खिचडीत घातला.