तारा गेल्या, शिसं राहिलं

मागच्याच्या मागच्या रविवारी नेऱ्याच्या मैदानावर माझं विमान पडलं. त्याहून वाईट म्हणजे मी नयनावर ओरडलो... आठ-दहा जणांसमोर.

विमान रिमोटचं नाही, दोरीचं. मी मध्ये उभा, हातात हँडल, तिथून दोन तारा विमानाच्या डाव्या पंखात जातात. ते माझ्याभोवती गोल फिरतं, मनगट हलवलं की वर-खाली होतं. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हा कॉलेजमधून एवढाच एक नाद सोबत आणला...

नयना माझ्यासोबत जासईला कंटेनर यार्डात आहे. उरणकडची, कोळ्यांची. रविवारी टेक-ऑफला विमान तीच धरते आणि माझे लूप, म्हणजे हवेतल्या उभ्या गिरक्या, मोठ्याने मोजते. मला ती आवडते हे तिला सोडून सगळ्या यार्डाला माहीत आहे. आता तिलाही कळेल.

माझ्या स्टीलच्या तारा गंजून पिळल्या होत्या. तिने बाबांकडची गळाची ब्रेडेड लाइन आणून दिली. म्हणाली, "ही लाव. गंजत नाय, आनि तुझ्यासारखी उगाच पिळत पन नाय."

लाइन एकदम हलकी, हातात जाणवतच नव्हती. पण पहिल्याच फेरीत बाहेरचा पंख खाली लोंबायला लागला, मला विमानाचं पोट दिसत होतं. तरी हट्टाने लूप मारला... बाहेर येताना तो पंख आणखी पडला आणि विमान थेट मातीत.

"मासे पकडायच्या दोरीने विमान उडतं का!" इथून सुरू झालो आणि बरंच बोललो. तिने स्कूटर काढली आणि गेली.

दोन दिवसांनी रीळ परत करायला तिच्या घरी गेलो. डोकं तापलेलंच होतं. पुरावा म्हणून मोडकं विमानही नेलं! तिचे बाबा ओट्यावर जाळ्याच्या खालच्या दोरीला शिसं बांधत बसले होते.

"काका, ही तुमची लाइन घ्या. हिच्यामुळे पडलं."

त्यांनी विमान घेतलं, एक बोट नाकाखाली, एक शेपटीखाली. उजवा पंख धपकन खाली.

"यात काय भरलंस, पोरा?"

"शिसं. डाव्या बाजूला तारांचं वजन येतं ना, त्याला तोल म्हणून उजवीकडे..."

"बरं. आनि तारा कुठं हायत?"

मी हातातलं रीळ ओट्यावर ठेवलं.

"आमी जाल्याची दोरी बदलली का शिसं परत तोलून बांधतो. दोरीला शिव्या नाय देत."

जड तारा काढल्या होत्या, त्यांच्यासाठी ठेवलेलं वजन तसंच पंखात होतं. चार तुकडे होते. काकांच्या सुरीने तिथेच तीन काढले, एक ठेवला, कारण लाइन कितीही हलकी असली तरी तिलाही थोडं वजन असतंच.

काकांनी रीळ परत माझ्याच हातात दिलं. निघताना दारात नयना उभी होती. मी हळूच सॉरी म्हणालो.

"ओरडलास चारचौघांत, आनि सॉरी कानात?" एवढं बोलून आत गेली. यार्डातही आठवडाभर फक्त गाडी नंबर आणि गेटपास, एवढंच बोलणं...

विमान दुरुस्त करून काल परत उडवलं. पंख सरळ, लाइन ताठ, तीन लूप. विमान इतकं छान कधीच उडालं नव्हतं आणि मला काहीच वाटलं नाही.

म्हणून हे इथे लिहितोय, चारचौघांत. नयना, लाइन चांगलीच होती. तोल मी बघितला नाही, ओरडलोही मीच. सॉरी.

काका, थँक्यू. ते तीन तुकडे जाळ्याला वापरा.

आणि हो... टेक-ऑफला विमान धरायला कुणीतरी लागतं. काल मित्राने धरलं, नीट धरलं. पण लूप मोठ्याने मोजायला कुणी नव्हतं.