बशी वाजली की भाऊजी आले

सूर्य उगवला तरी तो कालचाच आहे ना, याची खात्री करून घेतल्याशिवाय माझे थोरले दीर त्याला नमस्कार करायचे नाहीत. असा संशयी माणूस खालापुरात दुसरा नसेल, आणि कर्जतला असलाच तर त्याने आमच्या भाऊजींकडे शिकवणी लावलेली असणार. पळसदरीच्या धरणावर कुणी पाहुणे फोटो काढताना दिसले, की हे ठरवून मोकळे: जमिनीची मोजणी चाललीय. दूधवाला हसला तर दुधात आज पाणी जास्त. नाही हसला, तर पाणी आहेच, वर मुजोरीही. शिळफाट्याला बाजाराला जाताना पिशवीत घरची तागडी घेऊन जायचे आणि भाजीवालीने दिलेली वांगी तिच्यासमोर पुन्हा तोलायचे. आता गंमत अशी, की भाऊजींचे हात कापतात. तागडी धरली की दोन्ही पारडी झिम्मा खेळायला लागायची, काटा काही केल्या थांबायचा नाही, आणि भाऊजी म्हणायचे, वजनात गडबड आहे म्हणूनच थरथरतंय. ती बिचारी कंटाळून दोन वांगी जास्त टाकायची. मग यांना नवा संशय, फुकट देतेय म्हणजे किडकी असणार.

हे कापणं वारशाने आलेलं. माझ्या सासऱ्यांचे हातही असेच होते. मांडीवर ठेवले की शहाण्यासारखे गप्प, काही उचलायला गेले की सुरू. भाऊजी चहा घेऊन ओटीवर यायचे तेव्हा आधी बशी ऐकू यायची, मग माणूस दिसायचा. बँकेत सही जुळायची नाही, कारकून सहीकडे बघायचा, मग यांच्या तोंडाकडे. दुसरा कुणी चिडला असता, पण भाऊजी त्या कारकुनावर बेहद्द खूश. अख्ख्या तालुक्यात हा एकच माणूस काम नीट करतो, म्हणायचे. त्यांची एकुलती लेक स्नेहल रसायनीच्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे, नळीतून थेंब थेंब मोजून सोडायचं नाजूक काम. ती घरी आली की बापाला चहा देते, आणि हे कप घ्यायच्या आधी नुसते टक लावून बघत बसतात. पोटच्या पोरीच्या चहातही भेसळ शोधता का, म्हणून मी किती वेळा बोलले असेन.

सगळ्या जगावर संशय घेणारा हा माणूस एका संशयापुढे मात्र हरला. गावाला वाटायचं, भाऊजी पितात. अहो, गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष ते! लग्नात सरबताचा पेलासुद्धा आधी हुंगून घेतात. सासऱ्यांनीही कधी थेंब घेतला नव्हता, तरी हातांमुळे गावाने त्यांना मरेपर्यंत बेवडाच म्हटलं. त्यांच्या मयताला कुणीतरी 'शेवटी दारूनंच नेलं' म्हणालं, ते भाऊजींनी मागून चालताना ऐकलं. ते त्यांच्या काळजात रुतून बसलंय. हे नाव घरावरून पुसायचं म्हणूनच ते अध्यक्ष झाले, असं माझं मत आहे.

तर ग्रामसभेत विषय निघाला, नाक्यावर बिअरचं दुकान नको. भाऊजी भाषणाचा कागद घेऊन उभे राहिले, आणि कागद लागला फडफडायला. मागून कुणीतरी ओरडलं, "आदी अध्यक्षांचं तोंड हुंगा रं!" सगळी सभा हसली. भाऊजींनी कागदाची घडी केली आणि खाली बसले. घरी येऊन चहासुद्धा घेतला नाही. माझं टाळकंच सरकलं. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना कर्जतला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी कागदावर गोल गोल चक्र काढायला सांगितलं. यांनी आधी विचारून घेतलं, या कागदाचं पुढे काय होणार. दम्याचा त्रास आहे का, विचारलं, तर तुम्हाला कुणी सांगितलं, हे यांचं उत्तर. मग डॉक्टर सहज म्हणाले, "थोडी दारू घेतली की हात थांबतो का?"

भाऊजी उठलेच. "चल गं," मला म्हणाले, "ह्यो बी आपल्याच गावचा निगाला."

मी हाताला धरून त्यांना खाली बसवलं. काहींचा हात दारूने घटकाभर थांबतो, म्हणून हे सगळ्यांनाच विचारतात, ते काही औषध नव्हे, असं डॉक्टरांनी समजावलं आणि गोळी लिहून दिली. दुखण्याचं नाव इसेन्शियल ट्रेमर. घरी आल्यावर यांनी स्नेहलला इसेन्शियलचा अर्थ विचारला. अत्यावश्यक, ती म्हणाली. मग काय, विचारता सोय नाही. अत्यावश्यक आहे तर थांबवायचं कशाला? त्यात औषधवाला बोलून गेला होता, की ही गोळी बीपीलाही देतात. म्हणजे कुणा बीपीवाल्याची चिठ्ठी आपल्याला आली, हे पक्कं. गोळ्या देवाच्या फळीवर जाऊन बसल्या. मी रोज बोलायची, भाऊजी रोज ऐकायचे नाहीत.

एका संध्याकाळी स्नेहलने चहा आणला. बशी बारीकशी किणकिणली, अजून तिच्याच हातात होती तेव्हा. थकली असेल पोरगी, मला वाटलं. भाऊजींनी कप घेतला. दुधाबद्दल अवाक्षर काढलं नाही, सगळा चहा प्यायले, उठले आणि फळीवरची गोळी काढून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे अर्धी घेतली.

त्यानंतर त्यांनी त्या गोळीवर जी पाळत ठेवली, ती पोलिसांनी चोरावर ठेवली नसेल. सकाळी उठून माझ्या दारात. तोंड सुजलंय का, बोलणं जड येतंय का, बघ म्हणायचे. नाडी जरा सावकाश लागली तर घड्याळावर संशय. डॉक्टरांनी हळूहळू गोळी वाढवली, बशीचा आवाज कमी होत गेला, अगदी थांबला नाही. शिळफाट्याला तागडीचा काटा पहिल्यांदा जागेवर उभा राहिला आणि वजन चोख निघालं. आज घाबरून बरोबर दिलं तिनं, म्हणाले.

मग स्नेहलच्या सुट्टीच्या दिवशी तिला घेऊन कर्जतला निघाले, मलाही चल म्हणाले. तिला बाहेर बाकावर बसवलं आणि आम्ही दोघंच आधी आत गेलो.

"डॉक्टर, पोरीचा हात कापाया लागलाय," ते म्हणाले. "गोळी मी खाऊन बगितलीय, खोट नाय तिच्यात. तुमी काय देयाचं ते द्या. फक्त तिला तेवडं इचारू नका."

डॉक्टरांना कळेना, काय विचारू नका.

"घेतल्यावर थांबतो का, त्ये. आमच्या घरात दोगांना इचारून झालंय."

मला तेव्हा कुठे उमगलं. इतकी वर्षं हा माणूस चहाकडे बघतच नव्हता. पोरीच्या हाताकडे बघत होता. डॉक्टर नुसते हो म्हणाले आणि स्नेहलला आत बोलावलं. तो प्रश्न त्यांनी खरंच विचारला नाही.

परवा संध्याकाळी आम्ही तिघं ओटीवर चहा घेत बसलो होतो. भाऊजींची बशी बारीक वाजत होती, स्नेहलची त्याहून बारीक. माझी गप्प. भाऊजींनी माझ्या बशीकडे बराच वेळ रोखून पाहिलं.

"तुजी कशी वाजत नाय गं?" त्यांनी विचारलं, त्याच जुन्या संशयाने.

मग मीही माझी बशी जराशी वाजवली.