आधी वाजणारा टाळ

म्हैसूरच्या अग्रहारातल्या विठ्ठल मंदिरात टाळ संताजीरावांचा. रंगारी-छापकाम करणाऱ्या घराण्यातला माणूस. आयुष्यभर कापडावर ठसे मारले. जो हात ठशावर, तोच टाळावर: उचलला तर पुरता, टेकवला तर जागेवर. अर्धवट काम त्यांना खपत नसे, दुसऱ्याचं तर मुळीच नाही. सून मेघाश्री दिवसभर कानाला हेडफोन लावून बसते, त्याला ते काम म्हणायला तयार नव्हते.

"घाम कुठाय त्यात?" ते विचारत.

"आतल्या बाजूने येतो, मामा," ती म्हणे.

ती म्हैसूरच्याच एका कंपनीत होती. थोडक्या डेटात गाणं बसवायचं, आणि बसवल्यावरही ते गाणंच वाटलं पाहिजे, हे तिचं काम.

संताजीरावांना टाळ शिकवला थोरल्या बहिणीने, सुमित्राबाईंनी; घरात त्या अक्का. गुडघे गेल्यापासून त्या बेट्टदपुरला मुलीकडे, अंबुजाकडे, राहत. वडिलांचे काशाचे टाळ त्यांच्याच ट्रंकेत होते. ज्याचा हात खरा त्याला ते मिळणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. उमेदवार दोन: एक संताजीराव आणि दुसरा चुलतभाऊ गुंडू, जो भजनात डुलक्या घ्यायचा, पण त्याही तालात.

दर एकादशीला भजनाचं रेकॉर्डिंग अक्काला जाई. अंबुजाचं घर डोंगराच्या आडोशाला. तिथे नेट मरतुकडं, मोठी फाईल उतरतच नसे. मग संताजीरावांनी फाईल लहान करणारं एक फुकटचं ॲप मिळवलं आणि त्यातला सगळ्यांत खालचा आकडा निवडला. कापड असो की डेटा, उधळपट्टी नको.

अक्काचा फोन आला.

"संता, तुझा टाळ पडायच्या आधीच वाजतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे पान मांडायच्या आधी जावई येऊन बसावा तसा. आधी खस्स, मग टण्ण. हाताला घाई सुटलीय रे तुझ्या. गुंडू बरा."

बाकी सगळं त्यांनी सोसलं असतं. 'गुंडू बरा' सोसवेना.

पुढच्या एकादशीला त्यांनी उपाय केला. घाई होते काय? मग टाळ मुद्दाम किंचित उशिरा. मृदंग अडखळला. गाणारे मान वळवून बघू लागले. भजन सांगणारे गंगाधरराव अभंग मध्येच तोडून म्हणाले, "काय संताजीराव, बस चुकली का?" गुंडूने एक डोळा उघडला.

रेकॉर्डिंग ऐकून अक्का म्हणाली, "खस्स आहे तिथेच आहे. वर आता सगळं भजनच लंगडतंय."

ते मागच्या पडवीत टाळ घेऊन बसले. वाजवत सुटले. शेवटी मेघाश्रीच बाहेर आली.

"अय्यो, मामा! सकाळपासून काय चाललंय? अक्कांना पाठवलेलं मला ऐकवा बघू."

तिने ऐकलं आणि हसू लागली. संताजीरावांनी टाळ खाली ठेवला.

"तूही हस. सगळे हसताहेत."

"तुम्हाला नाही हसले, मामा. हा दोष तुमच्या हाताचा नाहीच. याच्याच मागे मी ऑफिसात लागलेय. आवाज लहान करताना त्याचे तुकडे पाडतात. एकेका तुकड्यात जागा थोडी. टाळाचा टण्ण त्यात कोंबला की त्याचा खरकटा आवाज अख्ख्या तुकड्यात पसरतो. टण्ण तुकड्याच्या शेवटी असला, तर खरकटं आधी ऐकू येतं."

संताजीरावांनी बोटांनी हवेतच ठसा मारला. "कापड ओलं असताना ठसा मारला की रंग फुटतो. रेघ सोडून पसरतो."

"हां, तस्संच."

"मग तुकडे बारीक पाडा की."

"सगळीकडे बारीक पाडले तर गंगाधररावांचा लांब सूर खरखरतो. जिथे टाळ पडतो तिथेच बारीक हवेत. टाळ आता पडणार, हे यंत्राने आधी ओळखायला पाहिजे. तुमचं ॲप ते बघतच नाही. आमचं बघतं, पण टाळाला फसतं. मला नुसता टाळ रेकॉर्ड करून द्याल?"

रविवारी पंखा बंद करून दोघं बसले. हळू, जोरात, मोकळा, दाबलेला. शेजारच्या कुकरने शिट्टी दिली. "परत," ती म्हणाली. रस्त्यावर फुलवाली ओरडली. "परत." संताजीरावांचा सदरा पाठीला चिकटला. जन्मभर दुसऱ्यांना 'परत' म्हणणाऱ्याला कुणीतरी भेटलं होतं.

नंतर ती एकच टण्ण ऐकत बसली. यंत्रात बदल करायची, ऐकायची, मान हलवायची, पुन्हा बदल. दिवेलागणीला तिने हेडफोन काढले तेव्हा कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. संताजीरावांनी कॉफी आणून ठेवली. स्वतः केलेली. पिण्यासारखी नव्हती. तरी ती प्यायली.

त्यानंतरच्या एकादशीचं भजन मेघाश्रीने आपल्या यंत्रावर लहान केलं. आकार जुनाच, एवढासा.

"अंबुजाच्या जुन्या फोनवर वाजेल का?"

"वाजेल. भरणाऱ्याने नीट भरलं की उघडणाऱ्याला नवं काही लागत नाही."

अक्काचा फोन आला. संताजीरावांनी स्पीकर लावला, सुनेला जवळ बसवलं.

"संता, आता बघ! टण्ण म्हणजे टण्ण. समोर बसल्यासारखा."

संताजीरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"पण शेवटच्या अभंगात मागे पडलास."

त्यांनी सुनेकडे पाहिलं. "मेघा, यंत्र?"

मेघाश्रीने पुन्हा ऐकलं. मग मान हलवली. "यंत्र साफ आहे, मामा."

उशिरा वाजवायचं त्यांनी स्वतःच हाताला शिकवलं होतं, आणि हात शिकला होता. पक्का रंग.

"ऐकतोयस ना?" अक्का म्हणाली. "इथे ये. रोज माझ्यासमोर बसून वाजव. खोड गेली की टाळ तुझे. नाही तर गुंडू आहेच."

संताजीरावांनी पिशवी भरली. मेघाश्री दारापर्यंत आली.

"मामा, तिथून रेकॉर्डिंग पाठवत जा. नीट लहान करून देईन."

"सुम्ने, गप बस गं," ते चपला घालत म्हणाले. "आधी निदान यंत्रावर ढकलता यायचं. ती सोय तू ठेवली नाहीस."