हिरव्या शेंगेचा वास

आमच्या शेजारच्या काकी कुठलीही वस्तू हातात आली की आधी नाकाशी धरायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, “वासच न्हाई.” मग ती बाजारातली कोथिंबीर असो, नाहीतर पुढाऱ्यानं वाटलेली साडी. एकदा गावातल्या मुलीला बघायला पाटणहून पाहुणे आले. नवरा मुलगा काकींच्या पाया पडला. काकी आशीर्वाद द्यायला वाकल्या, हळूच हुंगून आत आल्या आणि म्हणाल्या, “वास न्हाई गं ह्याला.” मुलीची आई पदरात तोंड घालून हसली. लग्न झालं, पण तो जावई अजून सासरी यायचा म्हटलं की आधी अत्तर लावतो.

ही लकब काकींची स्वतःची नव्हती. ती त्यांनी सांगलीच्या एका व्यापाऱ्याकडून उचलली होती आणि त्याला परत करायची म्हणून जपून ठेवली होती.

मी चौथीपर्यंत शिकले. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, म्हणून हे लिहून ठेवते. तुम्हीही माणसं बघणारे असाल तर तुम्हाला कळेल, काकी काय होत्या ते.

तो व्यापारी हळदीचा. पण व्हॅनिलाला सोन्यासारखा भाव आला होता तेव्हा तो आमच्या कोयनेच्या खोऱ्यात वेल विकत फिरला. “आइस्क्रीममधी घालत्यात. परदेशात जातंय. तुमी फकस्त लावा, घ्यायाला मी हाय,” म्हणाला. काकींच्या मालकांनी गावात पहिल्यांदा तो वेल लावला. पांगाऱ्याच्या झाडांवर चढवला, पोरासारखा वाढवला. तीन वर्षांनी शेंगा धरल्या. घेवड्यासारख्या दिसतात, जरा लांब आणि जाड.

मालक आणि काकी शेंगांची पाटी घेऊन सांगलीला गेले. काकी पहिल्यांदाच सांगलीला निघाल्या होत्या, म्हणून नवं लुगडं नेसल्या होत्या. दुकानात हमाल होते, गिऱ्हाईकं होती. व्यापाऱ्यानं एक शेंग मोडली, नाकाशी धरली, डोळे मिटले.

“वासच न्हाई.”

मालक म्हणाले, “आवं शेठ, तुमीच दिलेला वेल हाय.”

“वेल माझा, शेंग तुमची. ह्यो घेवडा हाय घेवडा. घरी न्या आन् भाजी करून खावा!”

सगळं दुकान हसलं. काकी सांगायच्या, हमालसुद्धा पोतं टेकवून हसला.

मालकांनी घरी येऊन वेल उपटले आणि बांधावर टाकले. पुढं दोन-तीन वर्षं ते एकच विचारायचे, “जमिनीचा दोष म्हणायचा का माझ्या हाताचा?” चांगला हात होता त्यांचा. अख्ख्या गावाला कलम बांधून द्यायचे. पण त्यानंतर त्यांनी कुणाच्या झाडाला हात लावला नाही. त्यातच गेले.

काकींनी फणसामागचा एक वेल मात्र लपवून ठेवला होता. का, ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

माझा भाऊ फौजेत आहे. त्याची बदली तिकडं दक्षिणेत झाली होती. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं फणसावरचा वेल बघितला. म्हणाला, “काकी, हे तिकडं घरोघरी हाय. शेंग काढायची, गरम पाण्यातनं काढायची, घोंगडीत गुंडाळून घाम आणायचा, उन्हात वाळवायची. काळी पडली की मग वास सुटतो. हिरव्या शेंगंला वास कुठला?”

काकी तांदूळ पाखडत होत्या. सूप खाली ठेवलं.

“हिरव्या शेंगंला वासच नसतोय?”

“कुठंच नसतोय.”

“म्हंजे त्याला ठावं हुतं?”

“त्योच तर धंदा त्याचा. भाव तर पडलाच हुता, काकी. लांब आफ्रिकेकडं मादागास्कर म्हणून बेट हाय. तिथं पीक लय आलं की जगात भाव पडतो, तिथं वादळ झालं की चढतो. त्याला घ्यायचं नव्हतं, एवढंच.”

काकींनी सूप पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाल्या, “भाव पडला म्हणाला असता, तर त्यास्नी झोप लागली असती.”

बघा, राग भावाचा नव्हताच. लांबच्या बेटावरच्या वादळावर कोण रागावणार? पण पडलेला भाव त्यानं एका माणसाच्या हातावर ढकलला, आणि तो माणूस तेच खरं मानून मेला.

दुसऱ्या दिवसापासून काकींनी त्या एका वेलाच्या फांद्या तोडून पुन्हा सगळ्या पांगाऱ्यांवर वेल चढवले. फुलं आली तेव्हा मला हाताशी घेतलं. व्हॅनिलाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारी मिटतं. आपल्याकडं त्याचा भुंगा नाही. माणसानंच लिंबाच्या काट्यानं फुलातला पडदा उचलून पराग टेकवायचा; मालकांचं बघून काकी ते शिकल्या होत्या. काकी हाक मारायच्या, “चल गं, आज कुणाकुणाची लगीनं लावायची?” मी लाजाळू, पण फुलांशी बोलायला काय लागतं? माझा हात बसला.

आणि मग खरंच त्या बेटावर वादळ झालं. भाव असा चढला की ज्यांनी वेल उपटले ते कपाळ बडवून घेऊ लागले. सांगलीच्या व्यापाऱ्यानं परदेशात माल द्यायचा शब्द दिला होता आणि माल कुठंच नव्हता. काकींनी माझ्या फौजी भावाला त्या व्यापाऱ्याला फोन करायला लावला. “हिरवी शेंग हाय म्हणावं. जेवायलाच या म्हणावं.”

तो येणार त्या सकाळी काकींनी शेंगा उतरवल्या आणि विळी पुढ्यात घेतली. मी म्हटलं, “काकी, विका की! घरावरचा पत्रा बदलून हुईल. पावसात चुलीवर गळतंय तुमच्या.”

“गळू दे.”

“निदान निम्म्या तरी ठेवा.”

“न्हाई. उरल्या तर मला मोह हुईल. चीर तू.”

मी चिरल्या. चीक लागून हाताला दोन दिवस खाज सुटली होती. लसूण-मिरचीची फोडणी, वर दाण्याचं कूट. पहिला घास मालकांच्या फोटोपुढं ठेवला.

तो मोटारीतून आला. काकींना ओळखलं नाही. “बाई, माल दावा आधी,” म्हणाला.

“आधी जेवा. आमच्यात बिनजेवता सौदा करत न्हाईत.”

भाकरी, भाजी, कांदा. त्यानं चार घास खाल्ले, घसा खाकरला, पाणी प्याला. “कसली म्हणायची भाजी? घसा खवखवतोय.”

“घेवड्याची.” काकी त्याच्यासमोर बसल्या. “वास आला का?”

“न्हाई... का?”

काकींनी शेंगांच्या देठांनी भरलेलं सूप त्याच्यापुढं सरकवलं. त्यानं एक देठ उचलला आणि त्याचा चेहरा असा झाला की मी दाराआड होते तरी मला दिसला. “आवं बाई! सगळ्या? ह्याची किंमत काय, ठावं हाय का तुमास्नी?”

“तुमीच सांगितली हुती. भाजीची.”

“मी? कवा?”

तेव्हा काकींनी मालकांचं नाव घेतलं. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. काकींनी हळदीकुंकवातसुद्धा उखाणा घेताना ते पुटपुटून संपवलेलं मी बघितलं होतं. त्या दिवशी मात्र नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, सगळं खड्या आवाजात घेतलं.

“कोण ते? आठवत न्हाई,” तो म्हणाला.

“आता आठवत ऱ्हाईल,” काकी म्हणाल्या. “पानात टाकू नगा. अन्न हाय.”

त्यानं पान तसंच टाकलं आणि खोकत गेला. उरलेली भाजी काकींनी म्हशीपुढं ओतली. म्हशीनं हुंगली आणि मान फिरवली. काकी इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की शेवटी डोळ्यांना पदर लावावा लागला. मी जवळ गेले नाही. ते रडणं त्यांचं आणि मालकांचं होतं.

काकींना जाऊन आता काही पावसाळे झाले. भाव कधीचा खाली आला. वेल मी सांभाळते. शेंगा घोंगडीत घालते, उन्हात टाकते, काळ्याभोर होईपर्यंत धीर धरते.

यंदा गाठोडं बांधून मी सांगलीला त्याच दुकानात गेले. तो म्हातारा झालाय. एक शेंग उचलून नाकाकडं नेली आणि मध्येच थांबला.

“गाव कंचं?”

मी सांगितलं. त्यानं शेंग खाली ठेवली. मग काकींच्या मालकांचं नाव घेतलं. वडिलांसकट, आडनावासकट.

“त्यांच्या घरच्या तुमी?”

“शेजारची.”

“बाई हायत का?”

मी नाही म्हणून मान हलवली. त्यानं तराजू पुढं ओढला. मग बाजारापेक्षा चढा भाव बोलला. “त्यांच्या नावानं म्हणून घ्या.”

दुकानात हमाल होते, गिऱ्हाईकं होती. मी शेंग उचलून त्याच्या नाकाशी धरली.

“शेठ, वास हाय का?”

“हाय.”

“मोठ्यानं सांगा.”

त्यानं इकडंतिकडं बघितलं. हमाल पोतं टेकवून उभा राहिला.

“हाय. लय वास हाय,” तो म्हणाला. “त्यांच्या शेंगंला बी आला असता.”

मी गाठोडं बांधलं आणि पलीकडच्या पेठेत कमी भावानं विकलं. एक शेंग तेवढी ठेवून घेतली. परतीच्या एस्टीत कराडपर्यंत कंडक्टर सारखा विचारत होता, “कुणाजवळ काय हाय ओ? गाडीभर वास सुटलाय.” मी खिडकीकडं तोंड करून बसले. गावात आल्यावर काकींच्या घरी जाऊन ती शेंग मालकांच्या फोटोपुढं ठेवली, जिथं काकींनी पहिला घास ठेवला होता.