जुळलेली मोजणी

"इथं हिरीला पाणी न्हाई, आन तुला तिकडं बर्फाचं घावलं व्हय?"

फोन स्पीकरवर होता. ताई लॅबबाहेरच्या व्हरांड्यात कठड्याला टेकून उभी होती, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात पोळीची गुंडाळी. पलीकडून तिची आई बोलत होती, जळकोटजवळच्या त्यांच्या गावातून. मी आत मायक्रोस्कोपपाशी बसले होते आणि दार उघडं होतं.

"आत्ताचं न्हाई गं आई. हजारो वर्षांमागं वितळलेलं. त्याची खूण घावली."

"मंग आता त्याचा काय उपेग?"

"पीएच.डी. मिळते की त्याच्यानं!"

दोघी मोठ्यानं हसल्या. मी स्लाइड सरकवली आणि पुढचं मोजायला घेतलं.

ताई माझी बहीण नव्हे. नांदेडला आमच्या विभागात ती माझ्या काही वर्षं आधी संशोधनाला लागली होती, म्हणून ताई. आमच्या सरांकडे आम्ही दोघीच विद्यार्थिनी. तिचा विषय अंटार्क्टिकाजवळच्या समुद्राच्या तळाचा गाळ. तळात लांब पोकळ नळी खुपसून तो काढतात. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. त्याचे चमचाभर नमुने गोव्याच्या ध्रुवीय संशोधन संस्थेतून छोट्या पिशव्यांत आले होते आणि आमच्या फ्रीजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात ठेवलेले होते.

त्या गाळात डायटम असतात. एकपेशीय शेवाळ, धुळीच्या कणाएवढं, पण प्रत्येकाला काचेचं कवच. शेवाळ मरतं, कवच तळाशी बसतं आणि तसंच राहतं. काही जाती बर्फाला चिकटून वाढतात, काहींना मोकळं पाणी लागतं. कोणत्या थरात कोणाची कवचं किती, हे मोजलं की त्या काळी समुद्रावर बर्फ किती होता याचा अंदाज येतो. घरी लातूरला हे सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "नांदेडात समुद्र कुठून आणला?" आई शेजारणींना सांगायची, "पाण्याचंच काहीतरी करायलीय ती." मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

मी फारसं काहीच दुरुस्त करत नसे. लातूरच्या ज्या इंग्रजी शाळेत मी शिकले तिथे मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करत, आणि बाहेर इंग्रजी बोललं की मुली हसत. त्यात न बोलणं सोपं पडलं. अजूनही मला काही म्हणायचं असलं की ते आधी इंग्रजीत तयार होतं, मग त्याचं मराठी करेपर्यंत लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात. ताईनं हे पहिल्याच आठवड्यात ओळखलं. मेसमध्ये भाजी नको असली तर ती सांगे, "हिला वांगं नको हो मावशी." सरांनी मला प्रश्न विचारला की, "सर, तिचं म्हणणं असं आहे की," अशी सुरुवात तीच करी, आणि पुढे जे सांगे ते बहुतेक वेळा माझं म्हणणं असे. मला ती मौनीबाई म्हणायची. मला त्याचा राग येत नसे. सोयीचंच होतं ते.

तिच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण सगळ्यात महत्त्वाचं होतं. बऱ्याच खोलवरच्या सलग काही थरांत तिला गोड्या पाण्यातले डायटम सापडले होते. खाऱ्या समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्यातलं शेवाळ. त्यावरून तिनं मांडलं होतं की त्या काळात किनाऱ्यावरचा बर्फ एकदम वितळला आणि ते पाणी तळ्यांतून वाहत समुद्रात आलं. सर या प्रकरणावर खूश होते. लातूरच्या एका कॉलेजात प्राध्यापकाची जागा निघणार होती आणि अर्जाआधी प्रबंध जमा झालेला हवा होता. ताई ती जागा आपलीच धरून चालली होती. "मी लातूरला आले की तुझ्या घरी येऊन जेवणार," असं तिनं मला सांगून ठेवलं होतं.

सरांची एकच अट होती. दुसऱ्या कोणीतरी त्याच स्लाइड मोजायच्या, पहिल्या मोजणीचे आकडे न बघता. दुसरं कोणी म्हणजे मीच होते.

मोजण्याच्या कामाला माझ्यासारखी माणसं बरी. स्लाइड डावीकडून उजवीकडे सरकवत जायची. कवच निम्म्याहून जास्त मोडलेलं असेल तर सोडून द्यायचं, निम्म्याहून जास्त शाबूत असेल तर धरायचं. बोलावं लागत नाही. खिडकीबाहेर पोरं गाड्या काढत, कुठल्यातरी विभागात सत्काराचा माइक चालू असे, आणि मी दक्षिणेच्या समुद्रात असे. माझे आकडे ताईच्या आकड्यांशी जवळजवळ तंतोतंत जुळले. तिनं मला गाड्यावरची पावभाजी खाऊ घातली.

पण मोजताना एका कवचापाशी मी अडकत होते. लांबट डबी, एकाला एक जोडून नळी झालेली, आणि टोकाला बारीक काटे. ताईनं त्याची नोंद गोड्या पाण्यातली जात अशी केली होती आणि ते बरोबरच होतं. मला अडचण वेगळी होती. ती डबी मी आधी पाहिली होती.

मी नवीन आले तेव्हा ताईनं सांगितलं होतं, "पहिल्यांदा ओळखीच्या पाण्यात बघायला शीक." म्हणून मी लातूरच्या आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं हिरवं बुळबुळीत खरवडून, जॅमच्या बाटलीत भरून नांदेडला आणलं होतं. त्यात टाकीच्या तळाचं थोडं पाणीही होतं, धरणातून आलेलं. माझी पहिली स्लाइड ती. तिच्यात ह्याच डब्या होत्या, आणि ही जात कोमट, साठलेल्या पाण्यात वाढते हे ताईनंच मला पुस्तकात दाखवलं होतं. अंटार्क्टिकाच्या तळ्यात ती कशाला जाईल? मला वाटलं माझंच चुकत असेल. मी परत पाहिलं. डब्या तशाच होत्या.

मग एक दिवस कँटीनमध्ये विभागातल्या दोन मुलींना ताई जुनी गंमत सांगत होती. "दोन उन्हाळ्यांमागं आपल्याकडं आठ-आठ दिवस नळ नव्हता. डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र बंद. ते बाटलीभर पाणी द्यायला बादलीभर सांडतं, कुठून आणायचं? मग काय, आम्ही प्यायचे जार आणले अन् अंटार्क्टिकाचा चिखल फिल्टरच्या पाण्यानं धुतला!"

"सर रागावले नाहीत?"

"सर म्हणाले, आपण पितो ते पाणी, चिखलाला काय होतंय."

सगळ्या हसल्या. मी चहा संपवला.

नमुने वरून खाली, क्रमानं धुतलेले होते. वरचे थर पावसाळ्यात आणि हिवाळ्यात, डिस्टिल्ड पाण्यानं. उन्हाळा आला तोपर्यंत ताई खोलवरच्या थरांपर्यंत पोचली होती. म्हणजे ते सलग थर जारच्या पाण्यानं धुतलेले. ॲसिडनं गाळ साफ केला की तो अनेकदा पाण्यानं धुवावा लागतो, आणि दर वेळी वरचं पाणी ओतून टाकलं तरी जड ते तळाशी राहतं. दर धुण्यात थोड्या थोड्या डब्या येत गेल्या असणार.

असणार, एवढंच. म्हणून मी गाळ न घेता सगळं केलं. रिकामी परीक्षानळी, तेच ॲसिड आणि कोपऱ्यातल्या निळ्या जारचं पाणी, तितक्याच वेळा. फिल्टरचे म्हणायचे ते जार अजून त्याच माणसाकडून येत होते. ताई त्या दिवशी बँकेत गेली होती. तळाशी दिसण्यासारखं काहीच उरलं नाही. तरी त्या नसलेल्याची स्लाइड केली आणि पाहिली. काटेरी डब्या होत्या. फार नाही, पण होत्या. त्याच.

त्या क्षणी मला धक्का वगैरे बसला नाही. गणित सुटल्यासारखं वाटलं आणि मग लगेच वाटलं की हे सुटायला नको होतं.

ताईला एकटीला सांगायचं असं मी ठरवलं. शनिवारी आम्ही एकाच एसटीनं निघालो. अहमदपूरला ती उतरणार होती, मी पुढे लातूरला. मी खिडकीशी बसून वाक्य जुळवलं. लोहा मागे पडलं तेव्हा म्हणाले, "ताई, चौथ्या प्रकरणाबद्दल…"

"हाव गं, त्यातली आकृती बदलायची आहे, माहीत आहे मला," ती म्हणाली. मग नोकरी लागली की गावाकडे विहिरीवर सोलर पंप बसवणार असल्याचं तिनं सांगितलं, आणि नंतर माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. रस्ता खराब होता. तिचं डोकं हलू नये म्हणून मी खांदा ताठ धरून बसले. अहमदपूर आलं तेव्हा तिला उठवलं. तिनं माझ्या हातात शेंगदाण्याची पुडी दिली आणि उतरली.

पुढच्या आठवड्यात दोनदा जमलं असतं. एकदा तिच्या मैत्रिणी आल्या. एकदा मीच चप्पल घालून खाली गेले.

प्रबंध जमा करण्याआधीचं सादरीकरण सगळ्या विभागासमोर होणार होतं. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी सरांनी त्यांच्या खोलीत तालीम घेतली. आम्ही तिघंच. ताईनं इस्त्रीची साडी नेसली होती, तालमीलाच. तिला साडी नेसून बोलायची सवय करायची होती. भिंतीवर चौथ्या प्रकरणाचा आलेख पडला. सपाट रेघ, मग एकदम उंच गेलेली, मग आलेखच संपला. त्या थरांच्या खालचे नमुनेच नव्हते.

"सुरेख," सर म्हणाले. "उद्या इथे थोडं थांबायचं. लोकांना बघू द्यायचं. आणि कोणी विचारलं, दुसरी मोजणी केली का, तर?"

"केली सर. जुळली." ताईनं माझ्याकडे हात केला. "हिनं केली."

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. आम्ही दोघींनी एकच स्लाइड पाहिली होती, तेव्हा जुळणारच होती. शंभर जणांनी मोजली असती तरी जुळली असती. मला फक्त मान हलवायची होती, आणि मान हलवायची मला सवय होती. फ्रीजमध्ये प्रत्येक पिशवीत निम्मा गाळ शिल्लक होता. तो पुन्हा धुवायचा तर वर्ष जाईल, लातूरची जागा जाईल आणि कदाचित भिंतीवरची ती उंच रेघ सपाट होईल. न धुवावा तर ती रेघ उद्या सगळ्यांना दिसेल, छापली जाईल, आणि कुठेतरी कोणीतरी तिच्या आधाराने त्या काळचा बर्फ मोजेल. केव्हातरी, दुसऱ्या कोणाला तरी, त्या डब्या ओळखीच्या वाटतील. तेव्हा प्रबंधावर नाव ताईचं असेल.

सरांनी चष्मा काढला. "उद्या कोणी हिलाच विचारलं तर? तू नको बोलूस. हिला बोलू दे. काय गं, जुळली का?"

ताई हसून माझ्याकडे बघत होती. मी अडखळले तर वाक्य पुरं करायला ती तयारच होती.

मी सरांकडे नाही, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मोजणी जुळली. पण ताई, ते पाणी तिकडचं नाही. आपल्या जारचं आहे."