उस्तादांची जीभ

उस्ताद एका कारखान्याच्या कँटीनचे मुख्य आचारी, आणि त्यांच्या तोंडी लागायची कोणाची टाप नव्हती. पदार्थ जिभेवर ठेवला की त्यात काय पडलंय, काय पडायला हवं होतं आणि करणाऱ्याची अक्कल कुठे चरायला गेली होती, हे ते एका दमात सांगत. कोणी विचारायची गरजच नसे, हाच काय तो त्रास.

त्यांच्या बायकोला शेंगदाण्याची ॲलर्जी. चिमूटभर कूट पोटात गेलं तरी ओठ सुजायचे, घसा आवळायचा. एकदा तर इस्पितळात जाऊन जेमतेम वाचली. तेव्हापासून बाहेर जेवायचं म्हटलं की तिच्या ताटातला पहिला घास वेगळ्या चमच्याने उस्ताद घेणार, डोळे मिटणार आणि "खा" म्हणणार. मगच ती जेवणार. डॉक्टरांनी अक्षरशः हात जोडले. "अहो, हे चाखून कळत नसतं. बनवणाऱ्याला विचारा!" उस्ताद भडकले. मी असताना दुसऱ्या आचाऱ्याला विचारायचं? डोकं ठिकाणावर आहे का यांचं?

मग दोघं परदेशी मुलाकडे गेले. विमानातल्या गारठ्याने उस्तादांचं नाक जे चोंदलं, ते चवही घेऊन गेलं. कांदा काय नि सफरचंद काय, सगळं सारखंच. पण कबूल करतील तर ते उस्ताद कसले! सुनेने केलेलं सगळं "फर्स्ट क्लास" म्हणत गिळत राहिले. सासरे परदेशात येऊन सुधारले, असं वाटलं बिचारीला.

एके दिवशी मुलाने हौसेने सगळ्यांना हॉटेलात नेलं. मेनूकार्डावरचं एक अक्षरही उस्तादांना कळेना.

"बाबा, आईच्या ॲलर्जीचं मी हॉटेलवाल्यांना सांगतो," मुलगा म्हणाला.

"गप बस! तुझ्या जन्माआधीपासून हे काम माझं आहे."

वाफाळती रस्साभाजी आली. उस्तादांनी चमचाभर तोंडात घातली, डोळे मिटले. गरम लागली. पातळ लागली. बाकी काही नाही. आणखी एक चमचा घेतला. तेच. डोळे उघडले तर बायको हातात चमचा धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. "खा" अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात उस्तादांनी तिच्यासमोरची वाटी स्वतःकडे ओढली.

"नको खाऊस," ते म्हणाले. "मला काही कळत नाहीये गं. विमानातून उतरल्यापासून जीभ मेलीये माझी."

सून आ वासून बघत राहिली. बायकोने चमचा खाली ठेवला आणि मुलाला म्हणाली, "जा, आता आचाऱ्याला बोलाव."

आचारी हात पुसत आला. मुलाने त्याच्या भाषेत विचारलं. त्याने मान डोलावली. रश्श्यात शेंगदाणे वाटून घातले होते.

आचाऱ्याने धुतलेल्या भांड्यात तिच्यासाठी वेगळी भात-भाजी करून आणली, तरी उस्तादांनी मुलाला पुन्हा एकदा विचारायला लावलं.

"आल्यापासून तुमच्या चहात साखर घालत नाहीये मी," बायको भात कालवत म्हणाली. "रोज फर्स्ट क्लास म्हणून पिताय."

"म्हणजे तुला ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलताय का, ते बघत होते."

"आणि मी खा म्हणालो असतो तर?"

"खाल्लं नसतं," ती म्हणाली. "आणि यापुढे तुमच्या हातचंही कधी खाल्लं नसतं."