मूळव्याधच असणार
आमच्या खात्यातले किस्से जेवताना सांगता येत नाहीत, पाहुण्यांत सांगता येत नाहीत, आणि नवऱ्याला सांगायला जावं तर तो कानांवर हात ठेवतो. मग ते साचत जातात. चेन्नईतल्या एका हॉस्पिटलात मी कोलोनोस्कोपीच्या अपॉइंटमेंट बघते. म्हणजे खालून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं तपासतात ना, तिथे कोणी कधी यायचं ते मी ठरवते. नवऱ्याची नोकरी इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात, म्हणून बारा वर्षांपूर्वी सांगलीहून इथे आले. इथे सगळे मला अक्का म्हणतात. बोलणं सगळं तमिळमध्ये होतं, तुम्हाला मराठीत सांगते.

*

पूर्वी मुलगे म्हाताऱ्या बापाला घेऊन यायचे. हल्ली बाप तरण्या मुलांना घेऊन येतात. आमच्या मेरी सिस्टरच्या हे अंगवळणीच पडेना. एकदा अंबत्तूरहून बापलेक आले. सिस्टरने सवयीने बापाला आत नेलं, गाऊन चढवला, हाताला सुई लावली. काका निमूट आडवे झाले.

डॉक्टरबाई आल्यावर काकांनी अदबीने विचारलं, "माझं झालं की मग मुलाला घेणार ना?"

त्यांना वाटलं, आधी बापाची तपासणी करायची इथली पद्धतच असेल! एकतीस वर्षांचा पेशंट बाहेर मोबाइल बघत बसला होता. तेव्हापासून आम्ही दोघांनाही नाव आणि वय विचारतो.

*

तपासणीच्या आदल्या दिवशी फक्त पातळ, गाळलेलं घ्यायचं, लाल-जांभळं काही नको, असा कागद मी देते. एका आयटीतल्या मुलीने तो मला मोठ्याने वाचून दाखवला होता. तरी दुसऱ्या दिवशी कॅमेरा आत गेला तर आतडं साफच नव्हतं, आणि डॉक्टरबाईंनी तिला तशीच परत पाठवली. चौकशी केली तर पोरगी उपाशी कशी झोपेल म्हणून आईने दोन इडल्या खायला घातल्या होत्या.

आई उलट माझ्यावरच उखडली. "कागदावर लाल-जांभळं नको लिहिलंय. इडली पांढरी असते."

आता कागदावर इडलीची वेगळी ओळ आहे.

*

आमचा टेक्निशियन सेल्वम, वय पस्तीस. ती नळी, म्हणजे स्कोप, धुण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. पेशंटना उपदेशही तोच करायचा. रक्त पडत असेल तर अंगावर काढू नका, वयावर जाऊ नका, वगैरे. आणि स्वतःला चार महिने रक्त पडतंय, हे त्याच्या बायकोने मला फोन करून सांगितलं!

विचारलं तर म्हणाला, "मूळव्याधच असणार, अक्का." गावठी औषधांच्या दुकानातून कसलीशी पूड आणून ताकातून घेत होता. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' हे मी त्याला तमिळमध्ये समजावून सांगितलं. त्याला ते इतकं आवडलं, की तो तेही पेशंटना सांगायला लागला.

*

सेल्वम तपासणी टाळत होता त्याचं खरं कारण लाज. ज्यांच्याबरोबर रोज चहा प्यायचा, त्यांच्यासमोर पाठ उघडी टाकून आडवं व्हायचं कसं? मग मी ओळख काढून त्याच्यासाठी दुसऱ्या हॉस्पिटलात नंबर लावला. तासाभरात गडी तपासणी न करताच परत! तिथे त्याने आधी स्कोप धुण्याच्या खोलीत डोकावून पाहिलं होतं.

"ब्रश एकदाच फिरवतात, अक्का."

मी कपाळावर हात मारून घेतला.

*

मग एन्नोरहून एक पेशंट आला, तेहतीस वर्षांचा. मूळव्याध म्हणून आठ महिने घरीच औषध घेत होता. कॅमेऱ्यात गाठ दिसली. डॉक्टरबाईंनी तपासायला तुकडा काढला, सेल्वमने बाटली बंद केली, लेबलवर नाव-वय लिहिलं, स्कोप धुतला. त्या दिवशी तो जेवायला आला नाही. संध्याकाळी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "सोमवारी पहिलं नाव माझं घाला."

सोमवारी मी पोचले तर हा पठ्ठ्या आधीच येऊन शनिवारी धुतलेला स्कोप परत धुवत होता. धुतला, वाळवला, उजेडात धरून पाहिला, डॉक्टरबाईंच्या हाताशी टांगला. मग गाऊन घालून आडवा झाला.

गाठ निघाली. कॅन्सरच. मला फार राग आला, त्याचा आणि त्याहून जास्त माझा. इतके दिवस मी नुसते टोमणे मारत बसले. हाताला धरून आत न्यायला हवं होतं.

*

सेल्वम दहा महिन्यांनी कामावर आला. गाठ अगदी खाली होती, त्यामुळे ऑपरेशनमध्ये शौचाची वाट पोटावर काढून तिथे पिशवी लावली. ती कायमची. कोणाशी तो त्याबद्दल बोलत नसे. पेशंटना उपदेश करणंही बंद झालं होतं.

गेल्या आठवड्यात एका सत्तावीस वर्षांच्या मुलाला डॉक्टरबाईंनी तेच ऑपरेशन सांगितलं. लग्न ठरलेलं. पिशवीचं ऐकलं आणि तो नको म्हणून उठला. त्या समजावत होत्या, आई रडत होती. तो कॉरिडॉरमध्ये बुटाची नाडी बांधत होता, जायलाच निघाला होता.

सेल्वम धुण्याच्या खोलीतून आला. हात पुसले, त्याच्या शेजारी बसला आणि शर्ट वर केला.

मुलाने नाडी सोडून पिशवीकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, "यावर शर्ट इन करता येतो?"

सेल्वम उभा राहिला. शर्ट नीट आत खोचला, पट्टा लावला आणि त्याच्यासमोर एक पूर्ण गिरकी घेतली.

मुलगा म्हणाला, "आता बसून दाखवा."